दोन बोटं माया

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या बाई शेवटच्या फिटिंगला आल्या आणि गाऊन पुढून मिटेचना. दोन बोटं कमी पडत होता. टेप लावला तर पावणेदोन इंच भरलं, पण मला असलं अंतर अजूनही बोटांतच कळतं. मी दोन्ही कडा धरून एकदा ओढून बघितल्या, मग मागून कॉर्सेटची दोरी अजून जराशी आवळता येते का बघितलं, ती आधीच पुरेशी आवळलेली होती आणि सदुसष्ट वर्षांच्या बाईला त्याच्यापुढे आवळायचं माझ्याच्यानं झालं नसतं. खोलीत आम्ही दोघीच. खिडकीतून ब्रिस्टलचा तो पांढरट उजेड, नुकत्याच फिरवलेल्या इस्त्रीचा वास, आणि त्या आरशात स्वतःकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, सॉरी. मग म्हणाल्या, सॉरी हं, त्या गोळ्या चालू आहेत ना, त्यामुळे हे असं झालंय. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, लगेच काही बोलता आलं नाही, आणि त्या एकेक काढून मनगटावरच्या उशीला लावेपर्यंत बाई तिसऱ्यांदा सॉरी म्हणाल्या. मी म्हणलं, काळजी करू नका, होईल नीट. एवढंच म्हणलं.

चूक माझी होती आणि हे त्यांना माहीत नव्हतं.

जूनमधलं फिटिंग इतकं सुरेख बसलं होतं की त्या गेल्यावर मी गाऊन उलटा करून कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते. आत प्रत्येक शिलाईच्या कडेनं दीड-दीड इंच माया होती, म्हणजे शिलाईच्या पलीकडे राखून ठेवलेलं जास्तीचं कापड, जाडसर, जरा वेडीवाकडी, आणि ती मला नकोशी वाटायला लागली. आम्ही जुन्या काळाचे कपडे शिवणाऱ्या बायका हल्ली गाऊनचे आतले फोटोपण टाकतो. बाहेरून सुंदर कुणीही करेल, आतून बघा, असं ते असतं, आणि आतून स्वच्छ म्हणजेच चांगलं काम असं हळूहळू मीपण मानायला लागले होते. मग मी कात्री घेतली आणि सगळीकडे जेमतेम एक सेंटिमीटर ठेवून बाकीचं कापून टाकलं, पुढच्या कडांचंसुद्धा, कडा दुमडून बारीक हेमिंग केलं, इंचाला बारा-तेरा टाके. फोटो खरंच छान आले. कापलेल्या पट्ट्या कचऱ्याच्या डब्यात चहाच्या चोथ्यावर पडलेल्या होत्या ते मला अजून दिसतं. बाईंची औषधं जुलैत सुरू झाली. माया असती तर मी त्याच संध्याकाळी शिलाई उसवून दोन तासांत गाऊन मोकळा केला असता आणि त्यांना सॉरी म्हणायची वेळच आली नसती.

ब्रिस्टलजवळच्या बाथ शहरात सप्टेंबरात जुन्या पोशाखातल्या लोकांची मोठी मिरवणूक निघते, त्यासाठी हा गाऊन. तिथं बहुतेक बायका १८०० ते १८१५ च्या दरम्यानच्या फॅशनचे, छातीखालीच कंबर असलेले, पांढरे झुळझुळीत गाऊन घालतात. ते त्यातल्या त्यात सोपे पडतात, एक नाडी ओढली की गळा बसतो, दुसरी ओढली की कंबर. या बाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, मला तो नको. १८१० साली मी सदुसष्ट वर्षांची असते तर माझ्या चाळिशीतलाच गाऊन घालून हिंडले असते, मला कुणी नवं कापड घेऊन दिलं असतं? मला हे एकदम पटलं. आमच्या घरातल्या सगळ्या पाचवारीत गेल्या तरी आजी शेवटपर्यंत नऊवारीतच राहिली होती, तिला कुणी आग्रहपण केला नाही. तर आम्ही १७८० च्या दशकातला गाऊन ठरवला. अंगाबरोबर बसणारी चोळी, चोळीच म्हणते मी त्याच्या वरच्या भागाला, पुढून मधोमध मिटणारी आणि पाठीवर निमुळती होत टोकाला आलेली, तिथून खाली बारीक चुण्यांचा मोठा घोळ. पाठीचा मधला पट्टा खांद्यापासून पायापर्यंत एकसंध, कमरेत कात्री न लावलेला, नुसत्या प्लेट्स घालून वरून शिवून टाकलेला. प्लेट्स कमरेपर्यंत बंद आणि कमरेखाली एकदम सुटतात, चालताना ते कापड मागे असं फुलतं की बघत राहावं. त्याच्या आधीच्या पिढीत चोळी पुढून उघडीच असायची आणि मध्ये स्टमकर नावाचा त्रिकोणी तुकडा टाचण्यांनी बसवायचे. पोट वाढलं, बाळंतपण झालं, आजारपणात बाई सुकली, की टाचण्या दोन बोटं इकडे नाहीतर दोन बोटं तिकडे. १७७०-८० च्या सुमारास पुढची ती उघडी जागा मिटली, दिसायला चोळी फार देखणी झाली, पण ती सोय गेली. मग राहिली ती आतली माया. हे मला सगळं माहीत होतं, म्हणून जास्त लागलं.

या गाऊनचं माप टेपवर घेऊन भागत नाही. आधी खालचा लिननचा सैल शमीजसारखा कपडा, त्यावर कॉर्सेट, तेव्हा त्याला वेगळं नाव होतं पण आपल्याला कॉर्सेट कळतं, मग कमरेला बांधायची गादी, मग परकर, आणि हे सगळं चढल्यावर गाऊन अंगावरच बेतायचा. कॉर्सेट म्हटलं की लोकांना वाटतं बरगड्या मोडणार. पण त्या काळात भाजी विकणाऱ्या, धुणं धुणाऱ्या बायकापण ते घालूनच काम करायच्या, त्याचं काम छाती उचलून धरायचं आणि पाठीला टेकू द्यायचं. आधी अस्तराचे तुकडे अंगावर टाचायचे, पाठ, बगला, पुढा, मग त्यावर वरचं कापड हातानं सारखं करत न्यायचं. सगळ्यात नाजूक काम बाहीचं. बाहीचा खालचा अर्धा भाग काखेत आधी उलट्या टिपेनं शिवून घ्यायचा, मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्यानं, आणि वरचा अर्धा भाग तसाच मोकळा. मग बाईंनी गाऊन चढवायचा, हात जरा पुढे धरायचा, आणि मी त्यांच्या खांद्यावर, त्यांच्या श्वासाच्या अंतरावर उभी राहून बाहीच्या चुण्या एकेक करून अस्तराच्या पट्टीवर टाचत जायच्या. वरून बाहेरच्या कापडाची खांदपट्टी बसते आणि सगळ्या कच्च्या कडा तिच्याखाली जातात. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, लहान ठेवायचा आणि काखेत अगदी वर, म्हणजे हात उचलला तरी चोळी उचलली जात नाही. माणसाचं अंग किती एकसारखं नसतं ते तिथं कळतं. एक खांदा उतरलेला असतो, एका बाजूची बगल लांब असते, मूल कडेवर घेतलेल्या बाजूची कंबर वेगळी असते. जूनमध्ये बाईंना डावा हात खांद्याच्या वर नेताच येत नव्हता, सकाळी तर केस विंचरतापण येत नाहीत म्हणाल्या, आणि हे सांगतानाही सॉरी म्हणाल्या. मी टाचण्या लावत होते. मला ऐकू आलं होतं पण मी काही विचारलं नाही, कारण त्याच वेळी ती तिसरी चुणी फार सुंदर पडली होती.

सॉरीचं मला राहून राहून नवल वाटतं. इथं फिटिंगला येणारी जवळजवळ प्रत्येक बाई अंगावर टाचणी लागायच्या आधीच माफी मागते, पोटाची, दंडांची, पाठीच्या वळ्यांची.

इचलकरंजीला गावभागात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आईचं ब्लाऊजचं काम चालायचं आणि दुपारी शिवणक्लास. बाहेर दिवसरात्र मागांची खटखट, इतकी की सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की आम्हाला झोप यायची नाही. तिथं येणाऱ्या बायका स्वतःच्या अंगाबद्दल बोलायच्या ते हवामानाबद्दल बोलावं तसं. वहिनी, यंदा दंड लई भरलेत, सैल ठेवा. वहिनी, पुढं बाळंतपण आहे, बघा कसं करायचं ते. त्यांनाही लाज होतीच, दार लावून घ्यायच्या, पडदा ओढायच्या, शिंप्याकडे पुरुषाला माप द्यायला नको म्हणून तर त्या आईकडे यायच्या. पण ती लाज दाराबाहेरच्यांची होती, आईपुढे नाही. फ्रान्समध्ये १६७५ साली चौदाव्या लुईनं बायकांना बायकांचे कपडे शिवायचा स्वतःचा संघ काढायची परवानगी दिली, तोवर ते काम कायद्यानं पुरुष शिंप्यांचं होतं, कॉर्सेट तर त्यानंतरही शिंप्यांकडेच राहिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पॅरिस वगैरे काही दिसलं नाही, आमची पुढची खोली दिसली, हिरवा पडदा आणि आईच्या गळ्यातला टेप.

बहुतेकजणी माप द्यायच्याच नाहीत, मापाचा ब्लाऊज आणून ठेवायच्या. तो बसतो ना, त्याच्यावरून कर. आई तो उलटा करून आधी आतून बघायची. मला आठवतं, दहावीची परीक्षा झाल्यावर मी क्लासात बसायला लागले आणि पहिला ब्लाऊज कापला तेव्हा मी शिलाईच्या रेघेला अगदी लागून कापलं होतं, मला वाटलं कापड वाचवलं. आईनं तो तुकडा हातात घेतला, काखेच्या बाजूला स्वतःची दोन बोटं आडवी ठेवली आणि म्हणाली, इथं दोन बोटं माया ठेवायची, गळ्याला नको, मुंढ्याला नको, बगलेला ठेवायची. बाईचं अंग वाढतं ते बगलेत. बाकी काही रागावली नाही. तो तुकडा तिनं ठेवून दिला आणि त्याची पुढे पिशवी शिवली. मला इथं येऊन अकरा वर्षं झाली, कामाची भाषा इंग्रजी, तोंडात सीम अलाउन्स बसलाय. त्या शब्दानं बोललं की सेंटिमीटर डोळ्यासमोर येतात, किती लागतं, किती पुरेल. मायेचं माप कधी पुरण्यापुरतं नव्हतं. ती पुढच्या कुठल्यातरी वर्षासाठी असायची, जे वर्ष शिवणारीला माहीत नाही आणि घालणारीलाही.

चार वर्षांपूर्वी मी एका म्युझियमच्या स्टडी रूममध्ये एक खरा गाऊन बघितला होता, १७७० च्या आसपासचा, फिकट गुलाबी रेशमाचा. लांब टेबलावर पांढरा कागद, त्यावर तो आडवा ठेवलेला, माणूस झोपल्यासारखा. मला हात लावायचा नव्हता, तिथल्या क्युरेटर बाई हलक्या हातानं एकेक कड उलगडून दाखवत होत्या. मी पुढे वाकून श्वास रोखून बघत होते. त्यांनी बगलेची शिलाई उघडून धरली आणि आत जवळजवळ दीड इंचाचा पट्टा होता, आणि तो पट्टा गुलाबी होता. म्हणजे खरा गुलाबी, जास्वंदीच्या कळीच्या जवळ जाणारा. बाहेरचं सगळं रेशीम अडीचशे वर्षांच्या उजेडानं उतरून गेलं होतं, मायेत मात्र पहिल्या दिवसाचा रंग तसाच होता. आणि त्या पट्ट्यात सुईच्या भोकांच्या रेघा होत्या, एक अगदी आतली, मग बोटभर बाहेर दुसरी, मग सध्याची. दोनदा मोकळा केलेला गाऊन. एका ठिकाणी काखेत वेगळ्याच दिशेच्या धाग्याचा तुकडा जोडला होता, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा. तेव्हा रेशमाचा पन्हा वीस-एकवीस इंचांचाच, कापड महाग आणि शिलाई स्वस्त, त्यामुळे जोड द्यायला कुणाला कमीपणा वाटायचा नाही, घोळाच्या लांब शिलायासुद्धा मुद्दाम मोठ्या धावदोऱ्याच्या, सहज उसवता याव्यात म्हणून. जॅनेट आर्नॉल्ड या ब्रिस्टलमध्येच जन्मलेल्या बाईंनी असे म्युझियममधले कपडे इंचाइंचानं मोजून कागदावर उतरवले, १९६४ मध्ये त्यांच्या पॅटर्न्स ऑफ फॅशनचा पहिला भाग आला, आणि आम्ही सगळ्याजणी आजही त्यातल्या एक चौकट म्हणजे एक इंच अशा जाळीवरून मापं मोठी करतो. मी त्या दिवशी घरी आल्यावर वहीत लिहिलं होतं, आतून मळका, आतून जोड, आतून सुंदर. तीच वही माझ्या मशीनशेजारी असते. जूनमध्ये कात्री चालवली तेव्हाही असणार.

नवीन कापड आणून पुढचे दोन भाग परत कापावेत असं पहिल्यांदा मनात आलं, पण ते शक्य नव्हतं. मी ते सांगानेरहून मागवलं होतं, हातानं ठशांनी छापलेलं, सायीसारख्या रंगावर लाल आणि निळी वेल, एका जुन्या चिटेच्या, म्हणजे छापील सुती कापडाच्या, नमुन्याशी मिळतीजुळती. दहा दिवसांत ते येणं अवघड आणि आलं तरी दुसऱ्या खेपेचा लाल पहिल्यासारखा निघत नाही. या चिटेसाठी या देशात काय काय झालंय. १७१९ मध्ये लंडनचे विणकर रस्त्यात बायकांच्या अंगावरचे चिटेचे कपडे फाडत होते, आपला धंदा बसला म्हणून. मग १७२१ च्या कायद्यानं छापील सुती कापड अंगावर घालायलाच बंदी आली, ती १७७४ मध्ये उठली. म्हणजे बाईंनी मनात धरलेली ती १७८० च्या दशकातली बाई मोकळेपणानं चीट घालणाऱ्या पहिल्या पहिल्यांतली. फिटिंगच्या ट्रायलसाठी आम्ही वापरतो त्या साध्या कोऱ्या कापडाला इथं कॅलिको म्हणतात, कालिकतवरून, तेच अमेरिकेत मस्लिन, आणि आईच्या क्लासात मांजरपाट. मी दुकानात कॅलिको मागते आणि मनात दरवेळी मांजरपाट म्हणते. इचलकरंजीचा माग बंद पडला की लोक काय बोलायचे ते ऐकून मोठी झालेय मी, त्यामुळे त्या विणकरांचा मला नुसता राग येत नाही. पण रस्त्यात कपडा फाडलेली ती बाई पण डोळ्यासमोरून हलत नाही. तिला कुणी सॉरी म्हणालं नसेल.

रात्री आईला फोन केला. म्हणजे आपल्याकडे पहाट, ती चारलाच उठलेली असते. तिचे हात आता थरथरतात, सुईत दोरा जात नाही, पण कापड कॅमेऱ्यासमोर धरलं की ती अजून ताणा कुठला आणि बाणा कुठला ते सांगते. मी सगळं सांगितलं. माया कापली म्हणलं. तिकडून काहीच आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, सगळी?

हो म्हणलं, सगळी.

ती परत गप्प. मग म्हणाली, बरं, काखेत पट्टी घाल. बगलेची शिलाई उसव, वरपासून खालपर्यंत पट्टी घाल, दोन्हीकडून. उरलेलं कापड आहे का? म्हणलं आहे, बाह्यांमधनं निघालेले तुकडे आहेत. मग झालं की, म्हणाली, आणि पट्टीला माया ठेव. जरा थांबून तिनं विचारलं, त्या बाईंना बरं आहे का आता? खांदा उचलतोय का? मला माहीत नव्हतं. फिटिंगला त्या आल्या, गाऊन मिटला नाही, मी दोन बोटं मोजत बसले आणि त्यांचा खांदा कसा आहे ते मी विचारलंच नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी उगाचच कपाटातून माझा लग्नातला ब्लाऊज काढला. डाळिंबी, शालूवरचा, आईनं शिवलेला. माझ्या बाळंतपणाला ती इथं आली होती तेव्हा बारशाला मला तो बसेना, आणि माझ्याकडे तेव्हा मशीनही नव्हतं. तिनं खिडकीत बसून हातानं उसवला आणि हातानंच शिवला, मी बाळाला घेऊन शेजारी बसले होते, दुधाचा वास, बाहेर पाऊस, आणि तिच्या दातांनी दोरा तोडल्याचा आवाज. मी तो उलटा केला. आत तीन रेघा आहेत. दोन रेघांच्या मधला पट्टा बाहेरच्यापेक्षा गडद आहे, आणि पहिल्या रेघेची भोकं अजून बुजलेली नाहीत. त्या म्युझियममध्ये मी एवढं रडवेली का झाले होते ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उसवायला बसले. माझे स्वतःचेच बारीक टाके उसवायचे म्हणजे डोळ्यांना ताण येतो, इंचाला बारा-तेरा टाके आणि प्रत्येक टाका दोऱ्यानं कापडात घट्ट धरून ठेवलेला. आधी काखेत बाहीचा खालचा भाग चारेक इंच सोडवला, मग कमरेत बगलेजवळच्या घोळाच्या चुण्या, मग बगलेची शिलाई वरून खाली. मेणाचा दोरा निघताना बारीक चिकट आवाज करतो. सेंटिमीटरची माया इतकी कमी होती की टाका काढताना दोन ठिकाणी धागेच सुटून आले, तिथं आधी दोऱ्यानं काठ बांधून घ्यावे लागले. पट्टीसाठी उरलेले तुकडे जमिनीवर पसरून बसले. वेल जुळवायची होती. उजव्या बाजूला नशिबानं असा तुकडा मिळाला की वेलीची फांदी सरळ पुढे जाते, पट्टी शोधावी लागते. डाव्या बाजूला सगळे तुकडे फिरवून झाले, उलटे, तिरके, काही केल्या एक लाल फूल अर्धंच राहत होतं, त्याच्या पुढच्या पाकळ्यांच्या जागी नुसती निळी पानं येत होती. फूल पुरं करायचं तर माया सोडायला कापड उरत नव्हतं. मी बराच वेळ तो तुकडा हातात घेऊन बसले. मग अर्धं फूल तसंच ठेवलं आणि दोन्ही कडांना दोन दोन बोटं माया सोडून पट्टी कापली, बोटांनीच मोजली, टेप बाजूला ठेवला. शिवायला मोठे टाके घेतले, उलटी टीप पण सैल हातानं. आतला भाग आता अजिबात फोटोसारखा दिसत नाही, जाड आहे, दोन रंगांचे दोरे आहेत, एका जागी माझं रक्त लागलेला ठिपका आहे, थुंकी लावून पुसला तरी पुरता गेला नाही.

मिरवणूक शनिवारी होती, बाई त्याच्या आधी दोन दिवस आल्या. या वेळी मी आधी खांद्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी आठवड्याभरात फरक पडला होता, आता केस विंचरता येतात, पण अंगावर हे असं चढलंय, चेहरा बघ माझा. चेहरा गोल झाला होता खरा. मग मी त्यांना गाऊन घालायच्या आधीच सांगितलं की मागच्या वेळी जे झालं ते तुमच्या अंगामुळे नाही, माझ्यामुळे. मी आतलं कापड कापून टाकलं होतं, ते ठेवायचं असतं, मला माहीत होतं तरी कापलं. इंग्रजीत ते फार छोटं वाक्य झालं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मला वाटलं रागावल्या. मग म्हणाल्या, पण तो आतला फोटो इतका सुंदर होता, मी माझ्या बहिणीला पाठवला होता. मला यावर काय म्हणावं कळेना. खरंच सुंदर होता तो फोटो. त्यांनी गाऊन माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि काखेतली पट्टी अंगठ्यानं चाचपत राहिल्या, आपण नवी साडी चाचपतो तशी. कॉर्सेट चढवलं, गाऊन चढवला, मी पुढून टाचण्या लावत गेले, वरपासून, कापडात आडव्या, टोकं आत लपवत. मिटला. त्यांनी श्वास सोडला तेव्हा शिलाई जरा ताणली आणि परत बसली. त्या दिवशी त्या एकदाही सॉरी म्हणाल्या नाहीत, आणि आरशात पुढून बघितलं, मग पाठमोरं वळून मानेवरून प्लेट्स बघितल्या, मग बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या.

शनिवारी बाथला ऊन होतं पण वारा फार. मी फूटपाथवर गर्दीत उभी होते. पांढऱ्या गाऊनच्या बायकांचे घोळकेच्या घोळके गेले, छत्र्या, पंखे, लाल कोटातले शिपाई, ढोल, आणि मग मधेच ती लाल-निळी वेल दिसली, हळूहळू येणारी, मागे घोळ फुललेला. बाई शेजारच्या कुणाशी तरी बोलत हसत होत्या, त्यांनी मला बघितलं नाही. चौकाच्या वळणावर जोराचा वारा आला आणि त्यांची हॅट मागे सरकली, तशी त्यांनी डावा हात सरळ वर नेऊन ती डोक्यावर दाबून धरली आणि तशाच चालत राहिल्या. चोळी जागची हलली नाही. काखेखालची पट्टी उन्हात आली, अर्ध्या फुलासकट.